शेरा: कोणाला सांगू नये

मास्तरीण कोणाचंही माप तोंडाने बोलत नसे. टेप फिरवायची, आकडा बघायचा आणि गिऱ्हाइकाच्या पाठीमागे हाताची बोटं दाखवायची, आधी दशकाची आणि मग एककाची. समोर स्टुलावर बसलेल्या वन्सं ती बोटं वाचायच्या आणि वहीत मांडायच्या. दुकान एवढंसं, भिंतीला टेकून एक बाक, त्या बाकावर कायम तीन-चार बायका पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या. तिथे एखादा अडतीस हवेत सुटला की संध्याकाळपर्यंत तो समोरच्या बेकरीत पोचणार आणि तिथे पोचेपर्यंत त्याचा बेचाळीस होणार, हे तिला पहिल्या वर्षीच कळून चुकलं होतं.

शिवण तिला कोणी शिकवलं नव्हतं. स्वतःचा एक फ्रॉक उसवून तो कसा जोडलाय ते बघत बघत ती शिकली. शिवणाऱ्या पुरुषाला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून रस्त्याने तिला मास्तरीण करून टाकलं. शाळा म्हणाल तर सातवीपर्यंत.

वहीचीही तिची एक रीत होती. पानावर नाव नाही, पत्ता नाही. वरच्या कोपऱ्यात त्या बाईच्या पहिल्या कपड्याची एक चिंधी टाका घालून लावलेली, खाली आकडे. निळ्या ठिपक्यांची चिंधी म्हणजे अमकी, काळी मखमल म्हणजे तमकी. वही हरवली, चोरीला गेली, रद्दीत गेली, तरी वाचणाऱ्याच्या हाती चिंध्याच लागणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वन्सं म्हणायच्या. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेला तेव्हा काजं-बटणं करायला म्हणून दोन महिन्यांसाठी आल्या, त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

मूठ उघडली ती सुनेपुढे.

सून गुणाची होती, तक्रार करायला जागा नाही. औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासायची नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी दुकानात येऊन बसायची. तीन महिन्यांपूर्वी ती म्हणाली, "आई, या वहीचं एकेक पान सुटत चाललंय. शिंप्यांसाठी एक ॲप आहे. माप त्यात ठेवायचं, ऑर्डर घेतली की गिऱ्हाइकाला आपोआप मेसेज, कपडे तयार झाले की परत मेसेज. आणि फुकट आहे."

"फुकट ते पौष्टिक," वन्सं दोरा दाताने तोडत म्हणाल्या होत्या. टोमणा होता, पण सुनेने तो होकार म्हणून घेतला.

मग एक आख्खा आठवडा सून रोज संध्याकाळी कारखान्यातून थेट दुकानात यायची, वही मांडीवर घ्यायची आणि एकेका चिंधीवर बोट ठेवून विचारायची. ही कोण? हिचा खांदा एका बाजूला उतरता का? हिच्या बाह्या नेहमी लांब का? मास्तरीण सांगत सुटायची. कोणाला पोटावरची शिवण टोचते, कोणाला दंडावरचा डाग झाकायचा असतो, कोणाला नवऱ्याला न कळता आतून खिसा हवा असतो. इतक्या वर्षांत तिला कोणी विचारलंच नव्हतं, की तुमच्या हे सगळं लक्षात तरी कसं राहतं. सून विचारत होती आणि वर म्हणत होती, "आई, तुम्ही कमाल आहात हो." कोणी कमाल म्हटलं की माणसाची जीभ सैल होते. मास्तरिणीचीही झाली.

तेवढं एक करड्या लोकरीच्या चिंधीचं पान आलं तेव्हा ती थांबली. वन्सं चहाला पाणी आणायला मागे गेल्या होत्या. मास्तरिणीने आवाज खाली आणला आणि सांगितलं. शेवटी म्हणाली, "पण हे कोणाला सांगू नये हं."

सून मान हलवत टाइप करत होती.

*

ही सगळी मागची गोष्ट. पुढची सुरू झाली एका बुधवारी सकाळी, दुकानाचं शटर अर्धं वर जातंय तोवर बेकरीवाली आत शिरली तिथे.

"मास्तरीणबाई, काय मज्जा आहे हो तुमच्या त्या मेसेजमध्ये!" तिने मोबाइल नाचवला. "माझे कपडे तयार झाल्याचं आलं काल. आता भाचीचेही तुमच्याकडेच, तिचं काही आलं नाही. म्हटलं, माझ्या मेसेजमधल्या लिंकच्या शेवटी एकेचाळीस आकडा आहे, तो खोडून बेचाळीस घालून तर बघू. तर उघडलं की! भाची नाही निघाली, दवाखान्यातली नर्स निघाली. कंबर बघा तिची, मला म्हणत होती बत्तीस! बत्तीस कसली, एकोणचाळीस!"

मास्तरिणीच्या हातातली किल्ली तशीच राहिली. "मग?"

"मग काय, त्रेचाळीस, चव्वेचाळीस... सत्तावन्नपर्यंत आले बाई मी. तेवढ्यात भट्टीची घंटा वाजली. आता दुपारी पाव उतरले की पुढचं बघते. पुस्तक वाचल्यासारखं झालंय, ठेववत नाही."

मास्तरिणीने तिचा मोबाइल मागून घेतला. पडद्यावर दुकानाचं नाव, बाजूला कात्रीचं चित्र. खाली नाव, फोन नंबर, छाती, कंबर, बाही. सगळ्यात शेवटी शेरा. शेरा या चौकटीत सुनेने मास्तरिणीचा शब्द न् शब्द उतरवला होता. सत्तावन्न नंबरच्या बाईपुढे लिहिलं होतं: पाठीवर पांढरे डाग, गळा मागून वर घ्यावा.

तिने आपल्या मनाशी मोजायला सुरुवात केली. वहीतला क्रम तिला पाठ होता. निळे ठिपके एकवर, हिरवी छीट दोनवर... करडी लोकर त्रेसष्टवर येत होती. सत्तावन्न आणि त्रेसष्ट यांच्यामध्ये पावाचा एक घाणा शिल्लक होता.

बरं, बेकरीवालीला 'बघू नका' म्हणावं तर ती अजून बघणार. पुढे काही आहे असं मास्तरिणीच्या नुसतं डोळ्यांत दिसलं असतं, तरी ती पाव जळू देऊन बघत बसली असती. वन्सं शांतपणे सुई ओवत म्हणाल्या, "आणि तुमचं एकेचाळीस कोणकोण बघतंय, ते नाही विचारलंत?"

बेकरीवालीचा चेहरा फसलेल्या केकसारखा खाली बसला. "माझं? माझं कोण कशाला बघेल?"

"तुम्ही कशाला बघितलंत?"

"अहो, पण माझ्या शेऱ्यात..." तिने मोबाइल ओढून घेतला, स्वतःचं कार्ड उघडलं, वाचलं, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. "मास्तरीणबाई, हे काढा! आत्ताच्या आत्ता काढा! लोकांच्या खासगी गोष्टी अशा चव्हाट्यावर मांडतं का कोणी?"

ती तरातरा रस्ता ओलांडून गेली. वन्संनी सुईवरून नजर वर केली. "वहिनी, तू पांढरी का पडलीस? तिच्या शेऱ्यात काय आहे ते मला माहीत आहे, तेवढ्याने तू पांढरी पडायची नाहीस."

"त्रेसष्ट नंबर," मास्तरीण म्हणाली.

"त्यात काय आहे?"

चार वर्षं मास्तरीण या एका गोष्टीवर गप्प राहिली होती. करडी लोकर म्हणजे ग्रंथालयातल्या बाई. त्या एके दिवशी बाक रिकामा होईपर्यंत बसून राहिल्या होत्या, आणि मग "मास्तरीणबाई, एक सांगायचं होतं" एवढंच चारदा म्हणाल्या होत्या. मास्तरिणीने वन्संना बटणं आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं, शटर अर्धं ओढलं. गाठ निघाली होती, डावी बाजू पूर्ण काढावी लागली होती. घरच्यांशिवाय कोणाला माहीत नाही, आणि माहीत व्हायला नकोय, कारण लोक आधी तोंडाकडे बघतात आणि मग खाली बघतात, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कपड्याला आतून एक मऊ खिसा असे, त्यात भरणी, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नसे. आत्तासुद्धा हँगरला त्यांचा गडद निळा कोट लटकत होता. ग्रंथालयाच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला परवा घालायचा होता.

"मला नाही सांगायचं ना?" वन्सं म्हणाल्या. "नको सांगूस. पण मग सूनबाईला कसं सांगितलंस?"

"सांगितलं गेलं."

"म्हणजे माझ्यापासून चार वर्षं लपवलंस आणि मोबाइलला सांगून बसलीस!" वन्संनी कापड झटकलं. रागावल्या होत्या, पण उठल्या, शटर खाली ओढलं आणि बाहेर 'दुपारनंतर' अशी पाटी लावली. "चल, लाव फोन सूनबाईला."

सुनेचा फोन लागेना. लागणार कसा! कारखान्याच्या फाटकावर सगळ्यांचे मोबाइल काढून कप्प्यात कुलूपबंद करतात. गोळ्यांची गुपितं बाहेर जाऊ नयेत म्हणून. गोळ्यांची केवढी काळजी, मास्तरिणीच्या मनात आलं.

मग ॲपवाल्यांचा मदतीचा नंबर शोधला. आधी गाणं वाजलं. मग एक गोड आवाज म्हणाला, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग परत गाणं. महत्त्वाचा आहे हे त्याने सात वेळा सांगितलं. आठव्यांदा एक खराखुरा माणूस बोलला.

"नमस्कार मॅडम. सुरक्षेच्या कारणासाठी आधी तुमची ओळख पटवू या. नोंदणी केलेला मोबाइल नंबर सांगा."

"तो सुनेचा आहे. तिचा फोन कुलपात आहे. अहो, माझ्या गिऱ्हाइकांची मापं कोणालाही दिसतायत, शेवटचा आकडा बदलला की..."

"हो मॅडम, मी समजू शकतो. तुमची जन्मतारीख?"

मास्तरिणीने सांगितली.

"जुळत नाही मॅडम. आईचं पहिलं नाव?"

"माझ्या आईचं, की सुनेच्या?"

"खातं ज्यांनी उघडलं त्यांच्या."

"अहो, समोरची बेकरीवाली एकामागून एक सोळा बायका बघून गेली, तिला कोणी आईचं नाव विचारलं नाही! आणि मला विचारताय?"

"मॅडम, ओळख पटल्याशिवाय आम्ही माहिती कोणालाही देत नाही."

"देऊ नका हो! तेच तर मघापासून सांगतेय, देऊ नका!"

"तुमची तक्रार नोंदवून घेतोय मॅडम. आमचे अधिकारी तुम्हाला फोन करतील. आज मी तुमची अजून काही मदत करू शकतो का?"

'अजून' हा शब्द ऐकून वन्सं इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मास्तरिणीला हसू आलं नाही. तिने पर्स उचलली.

*

कारखान्याच्या फाटकावर एक टेबल, टेबलावर एक जाडजूड रजिस्टर, रजिस्टराला दोरीने बांधलेलं पेन. पहारेकरी म्हणाला, "नाव, पत्ता, फोन, कोणाला भेटायचं, कशासाठी. सगळं लिहा."

मास्तरिणीने पान बघितलं. तिच्या आधी आलेल्या वीस माणसांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर तिच्यापुढे उताणे पडले होते. कोणी तरी कारणाच्या रकान्यात 'वडील दवाखान्यात' असं लिहिलं होतं, पुढे दवाखान्याचं नाव आणि खाटेचा नंबरसुद्धा.

"हे असं उघडंच असतं?"

"सुरक्षेसाठी आहे बाई," पहारेकरी म्हणाला.

तिने कारणाच्या रकान्यात लिहिलं: घरगुती. पहारेकऱ्याने वाचून मान हलवली. "घरगुती म्हणजे काय ते स्पष्ट लिहा."

"सून आहे माझी. यापेक्षा स्पष्ट काय असणार?"

त्याच्याही घरी सासू-सून असाव्यात. त्याने पुढे काही विचारलं नाही.

सून जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली, डोक्यावरची कागदी टोपी काढायचीही राहिली होती. आईंना फाटकावर बघून तिचा जीव घाबरा झाला. "काय झालं? आत्या बऱ्या आहेत ना?"

मास्तरिणीने सांगितलं. सुनेने आधी विश्वास ठेवला नाही. "असं कसं दिसेल आई? मी पासवर्ड ठेवलाय की. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह, सगळं घातलंय." मग तिने कप्प्यातून फोन आणला, स्वतःलाच आलेला एक जुना मेसेज उघडला आणि शेवटचा आकडा बदलून पाहिला. उघडलं. दुसरा बदलला. तोही उघडला. पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं आणि मागची भिंतच बांधलेली नव्हती.

"मी तर तुमच्यासाठीच..." एवढंच ती म्हणाली.

मास्तरिणीच्या ओठांवर आलं होतं ते तिने गिळलं. पोर आठवडाभर पाठ मोडून टाइप करत होती. सांगणारी कोण होती? "ते राहू दे. त्रेसष्ट काढ आधी."

सुनेने त्रेसष्ट उघडलं. मास्तरिणीने वाचलं. शस्त्रक्रिया झालेली आहे. डावी बाजू नाही. आत मऊ खिसा, भरणी. आणि सगळ्यात शेवटी: कोणाला सांगू नये.

"हेही लिहिलंस?"

सुनेचे डोळे भरले. "तुम्ही सांगितलं ते सगळं लिहीत होते ना आई."

'काढून टाका' दाबलं. ॲप म्हणालं, ऑर्डर शिल्लक असताना कार्ड काढता येत नाही. 'कपडे दिले' असं दाबायला जावं, तर खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की तसं केल्यावर गिऱ्हाइकाला कार्डासकट मेसेज जाईल. शेजारचं चौसष्ट काढून पाहिलं, तर ॲप म्हणालं, आपली विनंती मिळाली, तीस दिवसांत कारवाई होईल. घालताना एक बोट पुरलं होतं, काढायला महिना.

तेवढ्यात सुनेचं बोट चुकून कोपऱ्यातल्या पाकिटाच्या चित्रावर पडलं. त्या पाकिटावर तीन असा लाल आकडा होता. तिथे काही असतं हे सुनेलाही माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांचे संदेश. तिन्ही त्रेसष्ट नंबरकडून.

पहिला तीन आठवड्यांपूर्वीचा, कोटाची ऑर्डर दिली त्याच दिवसाचा. 'नमस्कार. माझ्या कार्डावर काही खासगी मजकूर आहे. तो कृपया काढावा.'

दुसरा त्यानंतर आठवड्याचा. 'पुन्हा लिहीत आहे. कार्ड उघडायला कोणताही पासवर्ड लागत नाही, हे आपल्या लक्षात आलं नसावं.'

तिसरा चार दिवसांपूर्वीचा. 'मास्तरीणबाई, हे तुम्हीच वाचता का?'

तिन्हींच्या खाली ॲपने आपणहून उत्तर धाडलं होतं. आपल्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद! आणि एक गुलाबाचं फूल.

मास्तरीण फाटकाच्या कठड्यावर बसली. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांत बाई एकदा दुकानात येऊन गेल्या होत्या, कोट अंगावर घालून बघायला. बाकावर चार जणी होत्या. बाई थोडा वेळ थांबल्या होत्या, आणि मग "घाई आहे" म्हणून कोट न घालताच गेल्या होत्या. त्या कशासाठी थांबल्या होत्या ते मास्तरिणीला आत्ता कळलं. चार जणींसमोर कसं बोलणार होत्या? आणि हिने आपला हात वर करून "या हं!" म्हणून निरोप दिला होता.

"आई, सुट्टी संपायला अर्धा तास आहे," सून म्हणाली. "काय करू सांगा. काढता तर येत नाही."

मास्तरिणीने डोळे पुसले. "बदलता येतं का?"

"बदलता येतं. माप नवीन घेतलं की बदलतोच की."

"मग काढू नकोस, बदल. कापड फाडता येत नसेल तर वरून ठिगळ लावायचं. नावाच्या जागी लिही: गिऱ्हाईक. छाती छत्तीस, कंबर बत्तीस. शेरा: काही नाही."

"फोन नंबर रिकामा ठेवू देत नाही."

"माझा घाल."

सुनेने त्रेसष्ट बदललं. मग चौसष्ट, पासष्ट. फाटकाच्या सावलीत उभी राहून ती पुढे पुढे जात राहिली, आणि मास्तरिणीच्या पर्समधला फोन दर वेळी टुणटुण वाजत राहिला: प्रिय गिऱ्हाईक, आपले माप बदलले आहे. अर्ध्या तासात शेवटचा एकशे अठरा गाठला. "संध्याकाळी एकपासून बासष्टपर्यंत करते," सून म्हणाली आणि आत पळाली, मग परत वळून आली. "आई, त्या बाईंना मी भेटून माफी मागू का?"

"नको," मास्तरीण म्हणाली. "तुला माहीत आहे हेच त्यांना पुरे झालं असेल."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, आपण जरा कडू बोललो. पण परत घ्यावंसं वाटलं नाही.

*

दुकानातून कोट घेऊन, वहीचं ते एक पान उसवून, ती ग्रंथालयाकडे निघाली तेव्हा बेकरीवालीने काउंटरमागून हाक मारली. "मास्तरीणबाई, काय जादू केलीत? एकसष्ट-बासष्ट ठीक होत्या. त्यापुढे जिला बघावं तिची कंबर बत्तीस! आणि माझं अजून तसंच आहे!"

"तरी बघतच होतात का?" मास्तरीण थबकली.

"माझं गेलं की नाही ते बघत होते," बेकरीवाली म्हणाली, आणि तिला स्वतःलाच ते पटलं.

बासष्टपर्यंत. म्हणजे एका पानाने हुकलं. मास्तरिणीला हायसं वाटायला हवं होतं. ते अर्धंच वाटलं. ही एक बेकरीवाली, जी येऊन सांगते. न सांगणाऱ्या किती असतील?

ग्रंथालयात दुपारची सामसूम होती. बाई मागच्या खोलीत पुस्तकांना नंबर चिकटवत होत्या. मास्तरीण दिसताच त्यांच्या हातातली गोंदाची बाटली खाली गेली. त्यांनी दार लोटून घेतलं.

मास्तरिणीने वाटभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "ते मी वाचत नव्हते," ती म्हणाली. "कोणीच वाचत नव्हतं. आज वाचलं."

"किती जणांनी पाहिलं?"

"माहीत नाही. आता दिसत नाही. पण तीन महिने दिसत होतं."

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "लिहिलं कोणी?"

"सुनेने. पण सांगितलं मी."

"का?"

मास्तरीण खोटं बोलू शकली असती. "तिने विचारलं म्हणून. मला बरं वाटलं, कोणी विचारतंय म्हणून."

मग मास्तरिणीने पर्समधून पान काढून टेबलावर ठेवलं. करड्या लोकरीची चिंधी, खाली आकडे. "हे तुमचं. आता माझ्याकडे कुठेच लिहिलेलं नाही."

बाईंनी चिंधीवरून बोट फिरवलं. "आणि सूनबाईंकडून हे कसं परत आणाल?"

मास्तरिणीने हातातला कोट पानाशेजारी ठेवला.

"मी दुसऱ्या टेलरकडे गेले होते," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या पत्राला गुलाबाचं फूल आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मोठं दुकान, एसी वगैरे. मी त्याला म्हटलं, आतून खिसा हवा. तो म्हणाला, कशाला? मोठ्याने. काउंटरवर सहा माणसं." त्यांनी कोट उचलला. "म्हणून तुमच्याकडे. माफ केलं म्हणून नाही. नाइलाज म्हणून."

"नाइलाज तर नाइलाज," मास्तरीण म्हणाली. हात सवयीने पुढे गेले आणि तिने कोट बाईंच्या खांद्यावर चढवला.

उजवीकडे बेतशीर. डावीकडे काखेखाली कापडाला झोळ पडत होता. मागचं माप घेतल्यापासून बाई बारीक झाल्या होत्या आणि कोट जुन्या मापावर बेतला होता. परवा उद्घाटन.

"पुन्हा घ्यावं लागेल," मास्तरीण म्हणाली आणि गळ्यातली टेप काढली. बाईंनी हात वर केले. टेप फिरली, आकडा दिसला. मास्तरिणीची बोटं सवयीने पाठीमागे उठली, पण ती वाचायला वन्सं नव्हत्या. तिने ती हळूच मिटली.

"टेबलावर कागद आहे, पेन आहे," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या, नाहीतर विसराल."

"नाही लिहीत."

"सहा आकडे आहेत."

"असू देत."

बाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. हसल्या नाहीत. "विसरलात तर परवा मी जुनाच घालीन," एवढंच म्हणाल्या आणि कोट घडी करून तिच्या हातात दिला.

मास्तरीण रस्त्याला लागली. ओठ मिटून, मनातल्या मनात सहा आकडे एकामागून एक फिरवत, जपमाळेसारखे. पाचवा आणि सहावा सारखे जागा बदलू बघत होते. चौकात पर्समधला फोन वाजला. थांबला, परत वाजला. तिने काढून पाहिलं. मदतवाल्यांचा नंबर. सकाळपासून ज्या माणसासाठी तिने घसा फोडला होता तो खराखुरा अधिकारी आता तिच्याशी बोलायला तयार होता, आणि तो काय विचारणार हे तिला माहीत होतं. नंबर सांगा, जन्मतारीख सांगा, आकडा सांगा.

एक जरी नवा आकडा आत शिरला असता तरी आतले सहा सांडले असते. तिने फोन तसाच वाजत ठेवला, कोट छातीशी घट्ट धरला आणि पावलं उचलली. बेकरीवालीने दारातून काहीतरी विचारलं, त्यालाही तिने नुसती मान हलवली. वन्संनी शटर वर केलं आणि तोंड उघडायच्या आत मास्तरिणीने बोट ओठांवर ठेवलं, मशीनवर बसली आणि डावीकडची शिवण उसवायला घेतली.